पाद्यपूजेचे पाय

फळ्यावर रंगीत खडूने काढलेलं कमळ. त्याखाली वळणदार अक्षरात: या आठवड्याचं मूल्य, श्रमप्रतिष्ठा.

काशीमीऱ्याकडून आलेला डंपर. मागचा फाळका उघडतो आणि फुटक्या लाद्या, विटांचे तुकडे, कुणाच्या तरी मोरीचा अख्खा कठडा नाल्याच्या तोंडात घसरतो.

अंबिकाच्या न्हाणीघरात साबणाशेजारी ठेवलेली टाचा घासायची वजरी.

एका माणसाच्या टाचेत खिळा शिरला. दिवसभर तो त्यावर चालला. संध्याकाळी बायको तेल चोळायला बसली तेव्हा तिच्या हाताला लागला.

निळे सॉक्स. दुसऱ्याचे.

नीटनेटकेपणाच्या आठवड्यात वर्गाच्या दारात उभा असलेला मॉनिटर नीरज, हातात पट्टी. आत येणाऱ्या प्रत्येकाने आधी नखं दाखवायची, मग चपला काढून पाय.

*

पौषातल्या उधाणाच्या पाण्याला त्या वर्षी नेहमीची वाट मिळाली नाही. नाल्याचं तोंड भरावाने बुजलेलं. पाणी मागे फिरलं आणि खारी गावापलीकडच्या मिठागराचा बांध त्याने पोटातून फोडला. पंढरीनाथ सकाळी येऊन बघतो, तर त्याच्या कुंड्यांमध्ये, मीठ पिकवायच्या त्या उथळ वाफ्यांमध्ये, गढूळ पाणी हेलकावत होतं आणि दिवाळीपासून तुडवून तुडवून बसवलेला तळ सगळा खरवडून निघाला होता. तो बांधावर उकिडवा बसला. हंसा, त्याची बायको, डोक्यावरचं घमेलं न उतरवता तशीच उभी राहिली.

कुंडीचा तळ पायांनी बसवावा लागतो, त्याला दुसरं अवजार नाही. पाणी उतरलं की ओल्या चिखलात जायचं, आधी टाच, मग चवडा, पावलाला पाऊल चिकटवून आडवं आडवं सरकायचं. कड आली की उलट. चिखल दबून चामड्यासारखा झाला की वर खारं पाणी घ्यायचं. तळ कच्चा राहिला तर मीठ काळं येतं, आणि काळं मीठ बर्फाच्या कारखान्याशिवाय कुणी उचलत नाही. कुंडीत चप्पल चालत नाही. चपलेच्या टाचेचा एक खड्डा पडला तरी पाणी तिथून मुरायला लागतं.

पंढरीनाथचे पाय या कामाने घडवलेले होते. बोटं फाकलेली, तळवा पसरट, टाचा करड्या आणि कडेने चिरलेल्या. चिरांमध्ये मीठ बसून पांढऱ्या रेघा उमटलेल्या. संध्याकाळी करंजाचं तेल चोळलं की रेघा तेवढ्यापुरत्या काळ्या व्हायच्या. त्या जाड सालीच्या आत पंढरीनाथ राहत होता म्हणा ना. शिंपल्यांचे तुकडे, खडे, खाऱ्या पाण्याची आग, सगळं बाहेरच राहायचं.

मुकादम दाजी छत्री उघडून बांधावरून फिरत आला. दाजी नात्यातलाच, पण मिठागरावर नातं छत्रीसारखं मिटून ठेवणारा. त्याने प्रत्येकाच्या कुंड्यांसमोर थांबून तेच सांगितलं. पुढच्या उधाणाच्या आत तळ बसला पाहिजे. ज्याचा बसणार नाही त्याच्या कुंड्या काशीमीऱ्याच्या नाक्यावरून माणसं आणून तुडवून घेणार, आणि जो तुडवेल त्याच्याकडेच त्या हंगामभर राहतील. मालकाला मीठ हवंय.

"पंढरी, तुना सांगाची गरज न्हाय," दाजी म्हणाला. "तुजे पाय म्हंजे मशीन हाय."

पंढरीनाथ ओशाळून हसला. ते बोलणं त्याला आवडलं होतं, आणि आवडलं याची लाजही वाटली.

त्या दिवसापासून नवराबायको उजाडताच कुंडीत उतरू लागली. दोन टोकांना दोघं. मधे भेटली की वळायची. कंबर धरायची, पोटऱ्यांत गोळे यायचे, उन्हाची तिरीप डोळ्यांत घुसायची. दुपारी बांधावर भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण. जेवताना पंढरीनाथ पाय उन्हाकडे पसरून बसायचा. हंसा म्हणायची, चिखलात पेरले तर उगवतील तुमचे पाय. शुक्रवारपर्यंत पहिली फेरी होईल, शेवटच्या कुंडीची शनिवारी, मग सगळ्यांवरून दुसरी, असा त्याचा हिशोब होता.

*

त्यांची मानसी पालिकेच्या मराठी शाळेत चौथीला होती. घरात ती खारीची बोली बोलायची, पण शाळेचं काही सांगायचं असलं की तिचा आवाज बदलायचा, थेट तिच्या वर्गाच्या बाईंचा, गिरिजाबाईंचा व्हायचा.

"बाबा, शनिवारी आमच्या शाळेत पाद्यपूजा आहे. मूल्यशिक्षणाची. शिक्षण खात्याचे साहेब येणार आहेत. तुम्हीच यायचं आहे असं बाईंनी सांगितलंय."

"मी कनाला?" त्याने हंसाकडे बोट केलं. "आयला ने."

"नाही. तुम्हीच."

गिरिजाबाई गिरगावातली खोली विकून भाईंदरला ब्लॉकमध्ये राहायला आलेल्या. मूल्यशिक्षणाचा तास सरकारने नव्याने सुरू केला तेव्हा बाकीच्या वर्गांत त्या तासाला गणितं सोडवून घेत. गिरिजाबाई मात्र खरंच शिकवायच्या. दर आठवड्याला एक मूल्य. वक्तशीरपणाच्या आठवड्यात त्या स्वतः मुलांच्या आधी फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. आईवडिलांचे पाय धुवायचे ही कल्पनाही त्यांचीच. भाषणाने काही होत नाही, हाताने केलं की आत जातं, असं त्या म्हणायच्या.

पंढरीनाथला शाळेत एकदाच जावं लागलं होतं, पावसाळ्याआधी, दाखल्यासाठी. कामावरून तसाच गेला होता. व्हरांडा नुकताच पुसलेला. तो ऑफिसपर्यंत गेला आणि परत आला, आणि त्याच्या मागे पावलांचे पांढरे ठसे उमटत गेले. खिडकीतून सगळ्या वर्गाने ते पाहिलं. कुणीतरी म्हणालं, भूत चाललं बघ. मानसी त्या वर्गात होती. घरी आल्यावर ती याबद्दल काही बोलली नाही, पण त्यानंतर तिने त्याला शाळेचं काहीच सांगितलं नव्हतं. आता सांगत होती, तर त्याला तिचं मन मोडवेना.

"पाय धुऊन यायचं," मानसी म्हणाली. मग थोडं थांबून: "चांगले. घासून."

"धुवाचे तितंच हायेत ना?" हंसाने विचारलं.

"तरी. आधी घासून यायचं. नीटनेटकं."

तिने हे सांगताना चुलीकडे बघितलं. पंढरीनाथने पाय मांडीखाली ओढून घेतले.

*

शुक्रवारी तो दुपारीच कुंडीतून वर आला. हंसा एकटी तुडवत राहिली.

त्याचा भाऊ गुणवंत याने आपल्या वाट्याची जमीन बिल्डरला देऊन त्याच जागेवरच्या इमारतीत दोन खोल्या घेतल्या होत्या. त्याची बायको अंबिका एके काळी हंसाच्या शेजारच्या कुंडीत उभी असायची. आता तिच्या पायांत घरातसुद्धा स्लिपर असायच्या आणि टाचा गुळगुळीत. तिने पंढरीनाथला न्हाणीघरात प्लास्टिकच्या स्टुलावर बसवलं, बादलीत गरम पाणी ओतलं, त्यात मूठभर सोडा टाकला.

"भावजी, या टाचंवर मसाला वाटून होईल," ती म्हणाली. "पाटा इकून टाका."

तो हसला. गोड्या पाण्यात इतका वेळ पाय ठेवायची त्याला सवय नव्हती. पाय फुगले, साल पांढरी पडली, मऊ झाली. मग वजरीने घासायला सुरुवात झाली. आधी तो स्वतः घासत होता, पण त्याला नीट वाकता येईना, तेव्हा अंबिकाने पाय मांडीवर घेतला. पाणी राखाडी झालं. ते ओतून दुसरं घेतलं.

मानसी शाळेतून येऊन दाराच्या चौकटीत उभी होती. दप्तर पाठीवर तसंच.

"अजून काळं आहे," ती म्हणाली. शाळेच्या आवाजात.

अंबिकाने गुणवंतचं दाढीचं ब्लेड आणलं. वजरीने जे निघत नव्हतं ते ब्लेडने निघालं. सुपारीच्या कातरणासारखे तुकडे लादीवर पडत होते. अंबिका मधे एकदा थांबली, तिला बहुतेक काहीतरी आठवलं. म्हणाली, भावजी, उद्या कुंडीत जायचंय ना तुमाला? तो म्हणाला, शालंनशी आलो का जाईन. मानसी म्हणाली, त्या बाजूला राहिलंय. अंबिका पुन्हा वाकली.

शेवटी पाय पुसून तिने लादीवर ठेवले. ते पाय पंढरीनाथला ओळखू येईनात. गुलाबी, सुरकुतलेले, बाजारात उताण्या टाकलेल्या मासळीच्या पोटासारखे. त्याने त्यांना हात लावला तर हात खरखरीत आणि पाय मऊ. उठून उभा राहिला तेव्हा लादीचा गारवा थेट आत शिरला. त्याला आठवेना, जमिनीचा गारवा पूर्वी कधी कळला होता.

मानसीने मात्र खाली बसून दोन्ही पाय नीट पाहिले आणि तिचा चेहरा सैल झाला. तिने दप्तर काढलं. इतके महिने जणू तिने ते उतरवलंच नव्हतं.

अंबिकाने नवऱ्याचे बूट आणि निळे सॉक्स दिले.

*

शनिवार. शाळेच्या पटांगणात खुर्च्यांची रांग, प्रत्येक खुर्चीसमोर एक परात, तांब्या, कुंकवाचा करंडा, झेंडूची फुलं. माईकची खरखर. एक बँकेतले वडील घड्याळ बघत होते. एक आई पदराने खुर्ची पुसून मग बसली.

पंढरीनाथच्या शेजारी कोंडिराम होता. मराठवाड्यातून येऊन नाक्यावरच्या गॅरेजात लागलेला, त्याचा जीवन मानसीच्याच वर्गात. कोंडिराम गॅरेजातून उठून तसाच आला होता. शर्टावर ऑईल, कोपरापर्यंत हात काळे, पायात टायरच्या चपला. पंढरीनाथने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या बुटांकडे. त्याला वाटलं, या माणसाला सांगायला कुणी नव्हतं. त्याने हळूच विचारलं, धुऊन न्हाय आलास?

"बाईंचा निरोप होता," कोंडिराम म्हणाला. "जसे असाल तसे या म्हणून. पूजा आपण करत नाही, ते मी बाईंना सांगितलंय. पण पोरगं पाय धुतो म्हणतंय तर धू दे."

पंढरीनाथने मान वळवून मानसीला शोधलं. ती परातीपाशी गुडघ्यांवर बसून फुलं सारखी करत होती. एकेक फूल उचलायची आणि पुन्हा तिथेच ठेवायची. वर बघत नव्हती.

बूट काढायला सांगितलं. सगळ्यांनी काढले. त्याने सॉक्स काढले तेव्हा उजवा टाचेला चिकटला होता, तो ओढावा लागला.

साहेब रांगेतून येत होते, सोबत गिरिजाबाई. कोंडिरामपाशी साहेब थांबले, त्याचा काळा हात दोन्ही हातांत घेतला आणि मुलांकडे वळून मोठ्याने म्हणाले की हे दागिने आहेत. टाळ्या पडल्या. कोंडिरामला हात कुठे ठेवावा कळेना. मग बाई पंढरीनाथसमोर आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर उत्साह होता, काहीतरी राखून ठेवलेलं आता दाखवायचं असावं तसा.

"साहेब, मी म्हणाले होते ना, मिठागरातले..."

आणि त्यांनी खाली पाहिलं.

साहेबही गुडघ्यांवर हात ठेवून वाकले. "हे पाय? अहो, हे तर माझ्यापेक्षा मऊ आहेत. हल्ली मिठागरात गाद्या घालतात काय?"

बँकेतले वडील हसले. मग रांगच हसली. मुलंही हसली, नीरजचं हसू सगळ्यांच्या वर ऐकू आलं. पंढरीनाथही हसला. माणसं हसताना आपण हसलं नाही तर वाईट दिसतं.

गिरिजाबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "मी निरोप दिला होता हो. कामावरून तसेच या, पाय धुऊन येऊ नका. मानसी, सांगितलं नव्हतंस का घरी?"

मानसीचा हात फुलावर थांबला. तिचे कान लाल झाले होते. मानेवरची शीर उडताना त्याला दिसत होती.

"सांगितलं होतं पोरीनं," पंढरीनाथ म्हणाला. "मीच ऐकलं न्हाय. मना वाटलं, शाला हाय, नीट जावं."

साहेब पुढे गेले. माईकवरून आता पाणी घालायला सांगितलं. मानसीने तांब्या उचलला. पाणी पायावर पडलं आणि ते झोंबलं तसं त्याने खुर्चीच्या कडा घट्ट धरल्या. मानसीने हाताने टाच चोळली. ब्लेडने जिथे जास्त गेलं होतं तिथली खपली निघाली आणि परातीतलं पाणी हळूहळू गुलाबी होत गेलं. तिने शेजारी पाहिलं. कुणी बघत नव्हतं. तिने भराभर झेंडूच्या पाकळ्या तोडून पाण्यावर पसरल्या, सगळं पाणी झाकेपर्यंत. मग वाकून त्याच्या पायावर डोकं टेकवलं. सगळ्यांची डोकी वर आली तरी तिचं येईना. शेवटी त्यानेच तिच्या खांद्याला हात लावला.

कार्यक्रम संपल्यावर तो नळापाशी सॉक्स घालत होता तेव्हा गिरिजाबाई आल्या. साहेबांचं मनावर घेऊ नका, त्यांचा स्वभाव गमतीचा आहे, असं काहीबाही बोलल्या. मग त्यांना राहवलं नाही.

"मला तुमच्या टाचा मुलांना दाखवायच्या होत्या. सगळं त्यावरच..." इथे त्यांना आपलं वाक्य ऐकू आलं असावं.

"दाखवाला आनल्या असत्या बाय," पंढरीनाथ म्हणाला. "घासून टाकल्या."

त्याला टोमणा मारायचा नव्हता. बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, आणि तो डोळ्यांवर न लावताच त्या वर्गाकडे गेल्या. वाटेत पायरीला ठेचकाळल्या.

*

शाळेतून तो घरी न जाता परस्पर मिठागरावर गेला. हंसाने शेवटची कुंडी अर्धी आणली होती. त्याने बूट बांधावर ठेवले, पँट दुमडली आणि आत पाय टाकला.

आग गुडघ्यापर्यंत चढली. तो तसाच दोन-चार पावलं सरकला. शिंपल्याचा तुकडा लागला, तो खिळ्यासारखा आत गेला. ज्या चिखलाला तो जन्मभर वरून दाबत आला होता तो चिखल आता त्याच्या पायात शिरत होता. टाच टेकवायची तर टेकवेना. चवड्यावर भार टाकला की तोल जायचा आणि खड्डा पडायचा. हंसा पलीकडच्या टोकाहून बघत होती.

"अवो, निंगा भायेर."

"होईल सवय."

"निंगा बोलतंय ना."

तो बाहेर आला. जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधून पुन्हा गेला, त्या ओल्या होऊन सुटल्या. मग त्याने जे कधी केलं नव्हतं ते केलं. हंसा पाणी प्यायला गेली तेवढ्यात चप्पल घालून कुंडीत उतरला. वाटलं, हलक्या पावलाने जमेल.

दाजीची छत्री बांधावर दिसली तेव्हा कुंडीच्या मधोमध चपलेच्या टाचांची एक रांग उमटली होती आणि प्रत्येक खड्ड्यात पाणी चमकत होतं. दाजी ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता बघत राहिला. मग त्याने चपलांतून दिसणारे पाय पाहिले.

"काय केलंस रं ह्यांना?"

पंढरीनाथने शाळेचं सांगितलं नाही. म्हणाला, चिरा फार झालेल्या, काढल्या. दाजीला ते पटलं नाही हे दिसत होतं. पण त्याने खोदून विचारलं नाही. पंढरीनाथच्या नजरेला नजर न देता तो नाक्याकडे चालू लागला.

रविवारी सकाळी दोन माणसं आली, बिहारकडची, तरणी. दाजीने त्यांना पंढरीनाथच्या कुंड्या दाखवल्या. हंसाला म्हणाला, शेवटची तुज्याकडं ऱ्हाऊ दे. बाकीच्या, दुसरी फेरी राहिलेल्या, गेल्या. हंसाने पदर खोचला आणि त्या एका कुंडीत उतरली.

नवी माणसं कुंडीत उभी राहून एकमेकांकडे बघू लागली. त्यांच्यातल्या एकाने बांधावर बसलेल्या पंढरीनाथला विचारलं, "चाचा, इसमें चलना कैसे है?"

पंढरीनाथचे पाय तेल लावून फडक्यात गुंडाळलेले, समोर ठेवलेले. त्याने आधी दुसरीकडे पाहिलं. मग बसल्या जागेवरून हाताचं पाऊल करून दाखवलं. "पहले एडी. फिर आगे का. पाँव को पाँव चिपका के." तो माणूस चालला. चुकला. "ऐसा नहीं. एडी में वजन डालो." तो पुन्हा चालला. आता जमलं. तळ दाबला गेल्याचा ओला, बसका आवाज पंढरीनाथच्या कानाने ओळखला.

मानसी भाकरी घेऊन आली होती. कधीपासून उभी होती कोण जाणे. तिने गाठोडं त्याच्याजवळ ठेवलं आणि जरा लांब बसली, पाय फ्रॉकखाली घेऊन. आईकडे बघितलं, त्या माणसांकडे बघितलं, त्याच्या फडक्याकडे बघायचं टाळलं.

"बाबा," ती म्हणाली. आवाज शाळेचा नव्हता. "मीच..."

"पानी दे," पंढरीनाथ म्हणाला.

तिने तांब्या पुढे केला. तो प्यायला आणि समोर ओरडला, "कोना छोडना नहीं. कोने में ही पानी बैठता है."

*

पंढरीनाथच्या लग्नात हंसाच्या बापाने त्याचे पाय परातीत घेऊन धुतले होते. लग्न माघातलं, आदल्या संध्याकाळपर्यंत सासरा-जावई दोघेही आपापल्या कुंडीत होते. दोघांच्याही नखांत चिखल होता.